युरोपातील परदेशी विद्यार्थी कोणत्या देशांतून येतात, आणि शेजारी देशांतही हा क्रम इतका वेगळा का?

नकाशावाचक (धागाकर्ता)

नमस्कार. मी पदवीच्या वर्गाला मानवी भूगोल शिकवतो आणि स्थलांतरावरील प्रकरणासाठी युरोपचा एक नकाशा तयार करत आहे. प्रत्येक देशाच्या जागी, तेथील विद्यापीठांत सर्वाधिक परदेशी विद्यार्थी ज्या देशातून येतात त्या देशाचे नाव लिहायचे, एवढीच कल्पना आहे. जगभरातील परदेशी विद्यार्थ्यांत चीन आणि भारत सर्वांत पुढे आहेत, तरीही या नकाशावर ही दोन नावे फार थोड्या ठिकाणी येतात. ब्रिटन आणि जर्मनी येथे अलीकडे भारत पहिला आहे, पण मधल्या फ्रान्समध्ये मोरोक्को आहे. पोर्तुगालमध्ये ब्राझील, ऑस्ट्रिया आणि नेदरलँड्समध्ये जर्मनी, चेक प्रजासत्ताकात स्लोव्हाकिया, पोलंडमध्ये युक्रेन, रोमानियात मोल्दोवा आणि ग्रीसमध्ये सायप्रस अशी नावे मिळाली.

एकमेकांना लागून असलेल्या आणि बऱ्याच अंशी सारख्याच पदव्या देणाऱ्या देशांत हे चित्र इतके निरनिराळे का, हे मला विद्यार्थ्यांना कारणांसह सांगायचे आहे. विद्यापीठांची जागतिक क्रमवारी हे त्याचे स्पष्टीकरण नसावे असे मला वाटते, कारण मोल्दोवातील मुले क्रमवारी पाहून रोमानियाला जात असतील असे मानणे कठीण आहे. दुसरी अडचण आकड्यांची आहे. फ्रान्ससाठी एका ठिकाणी चार लाखांहून अधिक आणि दुसऱ्या ठिकाणी जेमतेम अडीच-पावणेतीन लाख परदेशी विद्यार्थी दाखवले आहेत. यांतील कोणता आकडा घ्यावा? आणि ऑस्ट्रियात शिकणाऱ्या जर्मन विद्यार्थ्याला, जो व्हिसाशिवाय आणि स्थानिकांइतक्याच शुल्कात शिकतो, नायजेरियाहून आलेल्या विद्यार्थ्याच्या रांगेत बसवणे योग्य ठरेल का?

पडताळा

मोजणीचा प्रश्न आधी सोडवायला हवा, कारण त्याचे उत्तर बदलले की नकाशावरील काही नावेही बदलतात.

परदेशी विद्यार्थी मोजण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत विद्यार्थ्याचे नागरिकत्व पाहतात. दुसरीत तो शिकण्यासाठी देशाबाहेरून आला आहे का हे पाहतात आणि त्यासाठी बहुधा त्याने शालेय शिक्षण कोठे पूर्ण केले हा निकष लावतात. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट दुसऱ्या पद्धतीला प्राधान्य देते. फ्रान्सच्या परदेशी विद्यार्थ्यांची माहिती प्रसिद्ध करणारी कॅम्पस फ्रान्स ही संस्था मात्र परदेशी नागरिकत्व असलेल्या सर्वांना मोजते, मग त्यांनी शालान्त परीक्षा फ्रान्समध्येच दिलेली असो वा नसो. त्यामुळे 2022-23 साठी कॅम्पस फ्रान्सचा आकडा 4 लाख 12 हजारांच्या आसपास आहे, तर युरोस्टॅटचा 2022 चा आकडा 2 लाख 63 हजारांच्या आसपास. दोन्ही आकडे आपापल्या प्रश्नाची बरोबर उत्तरे आहेत. तुमचा विषय स्थलांतराचा असल्यामुळे तुम्ही युरोस्टॅटचा आकडा घ्यावा.

जर्मनीने ही अडचण फार पूर्वी ओळखली. तेथील आकडेवारीत जर्मन शाळेतून उत्तीर्ण झालेले परदेशी नागरिक आणि परदेशातील शाळेतून आलेले विद्यार्थी असे दोन गट वेगळे ठेवले जातात. 2023-24 च्या हिवाळी सत्रात परदेशी नागरिकत्वाचे एकूण सुमारे 4 लाख 70 हजार विद्यार्थी होते, पण शिक्षणासाठी बाहेरून आलेले सुमारे 3 लाख 80 हजारच होते. पहिल्या गटात तुर्की नागरिक सर्वाधिक आहेत, कारण ती जर्मनीतच वाढलेली दुसरी-तिसरी पिढी आहे. त्यांना स्थलांतर करून आलेले विद्यार्थी म्हणणे अन्यायाचे ठरेल. इटलीत हाच घोळ रोमानियन आणि अल्बेनियन नागरिकत्वाच्या विद्यार्थ्यांबाबत होतो. इटलीच्या यादीत हे दोन देश वर दिसतात, परंतु त्यांतील पुष्कळ मुले इटलीतच शाळा शिकलेली असतात, आणि परदेशातून नव्याने येणाऱ्यांत इराण, चीन, तुर्कस्तान व भारत यांचे महत्त्व यादीत दिसते त्याहून बरेच अधिक आहे.

ब्रिटनचा निकष आणखी वेगळा आहे. तेथे अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याचे कायम वास्तव्य कोठे होते हे पाहतात. शिवाय ब्रिटन आता युरोपीय संघाबाहेर असल्यामुळे संघाच्या बेरजेत तो येत नाही. तुमच्या नकाशात मात्र तो हवाच.

एक काळजी अवश्य घ्या. 1987 मध्ये सुरू झालेल्या इरास्मस योजनेखाली एखादे सत्र दुसऱ्या देशात घालवणारे विद्यार्थी या आकड्यांत मिसळू नयेत. ते आपली पदवी मायदेशातूनच घेतात. स्पेन हा इरास्मस विद्यार्थ्यांचा मोठा आवडता देश आहे आणि तेथे इटलीतून फार मोठ्या संख्येने विद्यार्थी येतात. पूर्ण पदवीसाठी येणाऱ्यांची यादी पाहिली तर कोलंबिया, इक्वेडोर, पेरू ही लॅटिन अमेरिकेतील नावे ठळकपणे समोर येतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल : 2022 मध्ये युरोपीय संघातील उच्च शिक्षणात बाहेरदेशांतून आलेले 16 लाखांहून अधिक विद्यार्थी होते आणि त्यांतील जवळपास एक चतुर्थांश एकट्या जर्मनीत होते. एकूण संख्येत दर पाचांपैकी दोनांहून अधिक विद्यार्थी युरोपातल्याच दुसऱ्या एखाद्या देशातून आले होते. आशियाचा वाटा सुमारे एक चतुर्थांश होता आणि आफ्रिकेचा सुमारे एक षष्ठांश. युरोपीय विद्यार्थ्यांना वगळले तर नकाशाचा सर्वांत मोठा भागच गळून पडेल. ऑस्ट्रियातील जर्मन विद्यार्थी आणि नायजेरियाहून आलेला विद्यार्थी यांची परिस्थिती भिन्न आहे हे खरे, म्हणून दोघांसाठी वेगळे रंग वापरा. पण दोघांनाही नकाशावर ठेवा.

सीमावर्ती

कारणांविषयी माझे मत स्पष्ट आहे. विद्यार्थी सर्वप्रथम तेथे जातो जेथे त्याच्या शाळेची भाषा चालते आणि त्याचे शालान्त प्रमाणपत्र खळखळ न करता स्वीकारले जाते. तुमच्या नकाशावरील निम्म्याहून अधिक नावे एवढ्या एका कारणाने उलगडतात.

मोरोक्कोचे उदाहरण घ्या. फ्रान्समध्ये तेथील सुमारे 45 हजार विद्यार्थी आहेत. त्यानंतर अल्जीरिया आणि तिसऱ्या क्रमांकावर चीन येतो. मोरोक्कोतील विज्ञान आणि अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण प्रामुख्याने फ्रेंच भाषेत चालते, आणि तेथे फ्रान्सच्या नमुन्यावर चालणारे दोन वर्षांचे पूर्वतयारी वर्ग आहेत, ज्यांतील विद्यार्थी फ्रान्समधील नामांकित अभियांत्रिकी संस्थांच्या प्रवेश परीक्षांना थेट बसतात. म्हणजे मोरोक्कोतला हुशार विद्यार्थी अठराव्या वर्षीच अशा रस्त्यावर असतो ज्याचे पुढचे ठिकाण फ्रान्समध्ये आहे. सेनेगल, ट्युनिशिया, आयव्हरी कोस्ट आणि कॅमेरून यांच्याबाबतही शाळेची भाषा हेच मूळ कारण आहे. फ्रान्समधील परदेशी विद्यार्थ्यांपैकी जवळपास निम्मे आफ्रिका खंडातून येतात, आणि हे प्रमाण युरोपातील दुसऱ्या कोणत्याही मोठ्या देशात आढळत नाही.

पोर्तुगालमध्ये ब्राझील पहिला असण्यामागे भाषा आहेच, पण त्यासोबत एक प्रशासकीय निर्णयही आहे, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. 2014 मध्ये पोर्तुगालने परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळा कायदेशीर दर्जा निर्माण केला आणि त्याच वर्षी कोइंब्रा विद्यापीठाने ब्राझीलच्या एनेम या राष्ट्रीय परीक्षेचे गुण प्रवेशासाठी ग्राह्य धरण्यास सुरुवात केली. पुढे इतर अनेक संस्थांनी तेच केले. ब्राझीलमधील विद्यार्थ्याला वेगळी परीक्षा देण्याची गरज उरली नाही. गिनी-बिसाऊ, केप व्हर्डे, अंगोला या पूर्वीच्या वसाहतींतून येणाऱ्यांसाठी तर पोर्तुगालमध्ये विशेष राखीव जागांची व्यवस्था आधीपासून होती.

सीमा हलल्या पण भाषा तेथेच राहिली, अशी उदाहरणे मध्य युरोपात जागोजागी आहेत. चेकोस्लोव्हाकियाचे 1993 मध्ये दोन देश झाले, तरी चेक विद्यापीठांत स्लोव्हाक भाषेत उत्तरपत्रिका लिहिता येते. चेक भाषेतील अभ्यासक्रम सार्वजनिक विद्यापीठांत कोणत्याही देशाच्या नागरिकाला विनाशुल्क असतात. या दोन नियमांमुळे सुमारे 20 हजार स्लोव्हाक विद्यार्थी चेक प्रजासत्ताकात शिकत आहेत आणि ब्रनो शहरातील मासारिक विद्यापीठात त्यांचे प्रमाण विशेष मोठे आहे. मोल्दोवातील बहुसंख्य लोकांची भाषा रोमानियन आहे, रोमानियाचे सरकार तेथील मुलांसाठी दरवर्षी जागा आणि शिष्यवृत्त्या राखून ठेवते, आणि पुष्कळ मोल्दोवन नागरिकांकडे रोमानियाचे पारपत्रही असते. सायप्रसमधील ग्रीकभाषक विद्यार्थ्यांना ग्रीसमध्ये वेगळ्या कोट्यातून प्रवेश मिळतो. हंगेरीत येणाऱ्या रोमानिया, स्लोव्हाकिया आणि सर्बियाच्या विद्यार्थ्यांत मोठा भाग हंगेरियन मातृभाषेच्या मुलांचा आहे, कारण 1920 च्या त्रियानों तहाने हंगेरियन वस्तीचे मोठे प्रदेश या शेजाऱ्यांकडे गेले.

जर्मनीच्या यादीत कॅमेरून अनेक वर्षे पहिल्या दहांत का दिसत असे, असा प्रश्न विद्यार्थी विचारू शकतील. पहिल्या महायुद्धापर्यंत ती जर्मनीची वसाहत होती हे त्याचे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर असे की तेथील माध्यमिक शाळांत जर्मन ही परकीय भाषा म्हणून आजही मोठ्या प्रमाणावर शिकवली जाते. शाळेत जर्मन शिकलेल्या मुलाला जर्मनीतील अभियांत्रिकीचा दरवाजा उघडा दिसतो, आणि त्याच्या आधी गेलेल्या मोठ्या भावंडांमुळे तेथे राहण्याचा भरवसाही मिळतो.

स्टेथोस्कोप

सीमावर्ती यांचे विवेचन मला मान्य आहे, परंतु भाषेने उलगडत नाही असा एक मोठा प्रवाह त्यात आलेला नाही. तो आपल्याच देशात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांचा आहे, आणि तो मुख्यतः वैद्यकीय, दंतवैद्यकीय, पशुवैद्यकीय, फिजिओथेरपी आणि मानसशास्त्र या शाखांत दिसतो.

जर्मनीत वैद्यकीय शाखेच्या जागा मर्यादित आहेत आणि शालान्त परीक्षेतील गुणांना तेथे फार वजन आहे. थोडक्यात हुकलेला विद्यार्थी शेजारच्या ऑस्ट्रियाकडे वळतो, जेथे भाषाही तीच आहे. पूर्वी ऑस्ट्रियाने परदेशातील विद्यार्थ्यांसाठी अशी अट ठेवली होती की त्यांनी आपल्या देशात त्या शाखेच्या प्रवेशास पात्र असल्याचे दाखवावे. 7 जुलै 2005 रोजी युरोपीय न्यायालयाने ही अट संघाच्या नागरिकांशी भेदभाव करणारी असल्याचा निर्णय दिला आणि जर्मन विद्यार्थ्यांचा मोठा लोंढा ऑस्ट्रियाकडे आला. पदवी घेऊन हे डॉक्टर परत जर्मनीत जातील आणि ऑस्ट्रियात डॉक्टरांची टंचाई होईल, या चिंतेतून 2006 पासून वैद्यकीय शाखेत 75 टक्के जागा ऑस्ट्रियात शालान्त शिक्षण पूर्ण केलेल्यांना, 20 टक्के युरोपीय संघातील इतरांना आणि 5 टक्के उर्वरित जगाला अशी विभागणी करण्यात आली. ती चिंता मला रास्त वाटते. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च एका देशातील करदाते उचलतात आणि त्याचा लाभ दुसऱ्या देशातील रुग्णांना मिळतो, हा प्रश्न मुक्त संचाराच्या तत्त्वाने आपोआप सुटत नाही.

बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागात हीच गोष्ट फ्रान्समधील विद्यार्थ्यांबाबत घडली. पशुवैद्यकीय आणि फिजिओथेरपीच्या वर्गांत त्यांची संख्या इतकी वाढली की 2006 च्या कायद्याने काही अभ्यासक्रमांत बाहेरून येणाऱ्यांचे प्रमाण 30 टक्क्यांवर रोखले गेले आणि अर्ज जास्त आल्यास चिठ्ठ्या टाकून निवड होऊ लागली. हे प्रकरणही युरोपीय न्यायालयात गेले. 2010 च्या निकालात न्यायालयाने असे म्हटले की सार्वजनिक आरोग्याला खरोखर धोका असल्याचे ठोस पुराव्याने दाखवता आले तरच अशी मर्यादा समर्थनीय ठरते.

जेथे भाषाही वेगळी आहे तेथे विद्यापीठांनी स्वतःच परदेशी भाषेत अभ्यासक्रम उघडले. बुडापेस्टच्या सेमेलवाइस विद्यापीठात 1983 पासून जर्मन भाषेत वैद्यकीय शिक्षण मिळते. रोमानियातील क्लुज येथे फ्रेंच भाषेत वैद्यकीय वर्ग चालतात आणि त्यांत फ्रान्समधून थेट आलेले विद्यार्थी असतात. पोलंड आणि हंगेरीतील इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत नॉर्वेचे विद्यार्थी मोठ्या संख्येने दिसतात, कारण त्यांच्या देशात जागा कमी आहेत आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारी कर्ज व अनुदान मिळते. हे सारे टिकून राहण्याचे कारण 2005 चा युरोपीय निर्देश आहे. डॉक्टर, दंतवैद्य, पशुवैद्य यांच्या पदव्या त्यामुळे संघातील एका देशातून दुसऱ्या देशात आपोआप मान्य होतात. पदवी परत नेता येणार नसती तर क्लुजमध्ये एकही फ्रेंच विद्यार्थी दिसला नसता.

युद्धापूर्वीचा युक्रेनही याच प्रकारात मोडत होता. 2020 मध्ये तेथे 76 हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थी होते, त्यांत भारत सुमारे एक चतुर्थांश वाट्यासह पहिला होता, आणि बहुतेक भारतीय विद्यार्थी वैद्यकीय शाखेचेच होते. फेब्रुवारी 2022 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर त्यांतील बहुतेक अर्धवट अभ्यासक्रमासह बाहेर पडले. या विद्यार्थ्यांचा उल्लेख आपण नकाशात नाही तरी पाठात अवश्य करावा, कारण मायदेशात जागा अपुऱ्या असल्या की मुलांना किती जोखीम पत्करावी लागते, हे त्यांच्या उदाहरणाइतके कोठेच स्पष्ट होत नाही.

नकाशावाचक

तिन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. आता एक उपप्रश्न उरतो. जर्मनीतील सार्वजनिक विद्यापीठे साधारणपणे शिक्षणशुल्क घेत नाहीत, म्हणून तेथे भारत पहिला असणे समजते. परंतु ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना भरमसाट शुल्क द्यावे लागते आणि तरीही तेथे भारतच पहिला आहे. मग शुल्काचा परिणाम होतो असे म्हणावे की होत नाही असे म्हणावे?

हिशेबनीस

शुल्काचा परिणाम निश्चित होतो, आणि तो किती तीव्र असतो हे स्कँडिनेव्हियन देशांनी दाखवून दिले आहे. स्वीडनने 2011 च्या शरद सत्रापासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील विद्यार्थ्यांना शुल्क लावले आणि स्वतःहून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या एका वर्षात सुमारे 80 टक्क्यांनी घसरली. नॉर्वेने 2023 मध्ये तेच केले आणि तेथेही घसरण जवळपास तितकीच झाली. ज्या देशांतील कुटुंबांना ते शुल्क परवडणारे नव्हते ते देश यादीतून खाली गेले आणि युरोपीय शेजाऱ्यांचा वाटा आपोआप वाढला. विनाशुल्क शिक्षण मिळणार म्हणून वर्षानुवर्षे आफ्रिका आणि दक्षिण आशियातील गुणी पण साधारण परिस्थितीच्या मुलांनी या देशांकडे पाहिले होते. ती वाट बंद झाल्याचे मला फार वाईट वाटते. डेन्मार्क 2006 पासून आणि फिनलंड 2017 पासून शुल्क घेतात. मात्र फिनलंडमध्ये काही वर्षांनी संख्या पुन्हा चांगली वाढली आणि त्या वाढीत बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका यांचा वाटा मोठा होता. म्हणजे शुल्क असूनही विद्यार्थी येऊ शकतात, पण त्यासाठी शिक्षणानंतर तेथे राहून काम करण्याची संधी दिसावी लागते.

ब्रिटनचे कोडे याच मुद्द्यावर सुटते. तेथे पूर्वी पदवीनंतर दोन वर्षे काम करण्याची मुभा होती; ती एप्रिल 2012 मध्ये बंद झाली. पुढील काही वर्षांत भारतीय विद्यार्थ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली : 2010-11 मध्ये सुमारे 39 हजार असलेली संख्या 2016-17 मध्ये 17 हजारांच्याही आत होती. या काळात चीनमधून येणाऱ्यांची संख्या वाढतच राहिली, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांना परत जाऊनच नोकरी करायची होती. ही मुभा पुन्हा देण्याची घोषणा 2019 मध्ये झाली, ती 1 जुलै 2021 पासून प्रत्यक्षात आली, आणि 2022-23 मध्ये सुमारे 1 लाख 73 हजार विद्यार्थ्यांसह भारत पहिल्या क्रमांकावर गेला, तर चीन सुमारे 1 लाख 54 हजारांसह दुसरा झाला. विद्यापीठे तीच होती आणि शुल्कही कमी झाले नव्हते. बदलला तो व्हिसाचा नियम.

नायजेरियाची कहाणीही लक्षात ठेवावी. 2022-23 मध्ये ब्रिटनमध्ये तेथील सुमारे 72 हजार विद्यार्थी होते. जून 2023 मध्ये नायरा या चलनाचा विनिमय दर मोकळा सोडल्यावर त्याचे मूल्य कोसळले, आणि जानेवारी 2024 पासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जोडीदार व मुलांना सोबत आणण्याची परवानगी राहिली नाही. नायजेरियातून येणाऱ्यांत संसारी, काही वर्षे नोकरी केलेले विद्यार्थी बरेच असल्यामुळे हा नियम त्यांना अधिक जाचला. 2023-24 मध्ये संख्या 58 हजारांच्या खाली आली. भारत आणि नायजेरिया येथील विद्यार्थी प्रामुख्याने एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला येतात, त्यामुळे त्यांचे आकडे झपाट्याने चढतात आणि तितक्याच झपाट्याने उतरतात. तीन-चार वर्षांच्या पदवीला येणाऱ्यांचे आकडे हळू बदलतात. नकाशावर वर्ष लिहिणे म्हणूनच आवश्यक आहे.

युरोपीय संघातील विद्यार्थ्यांवर ब्रिटनच्या बाहेर पडण्याचा परिणाम उलट दिशेने झाला. 2021 च्या शरद सत्रापासून नव्याने येणाऱ्यांना परदेशी दराने शुल्क आणि व्हिसा लागू झाला, आणि 2020-21 मध्ये सुमारे 1 लाख 53 हजार असलेली त्यांची संख्या दोनच वर्षांत एक लाखाच्या खाली गेली. आयर्लंडचे विद्यार्थी मात्र दोन देशांतील जुन्या व्यवस्थेमुळे स्थानिक दरानेच शिकतात.

जर्मनीबाबत थोडी भर घालतो. तेथे शुल्क नाही हे सर्वत्र खरे नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य 2017 पासून संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून दर सत्राला 1500 युरो घेते आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024 च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. शिवाय व्हिसासाठी वर्षभराचा निर्वाहखर्च आधी बँकेत अडकवून ठेवावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून ती रक्कम 11,904 युरो आहे. तरीही 2022-23 मध्ये भारताने चीनला मागे टाकले आणि 2023-24 मध्ये तेथील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या 49 हजारांच्या पुढे गेली. इंग्रजी माध्यमातील पदव्युत्तर अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम आणि पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारे 18 महिने ही दोन्ही कारणे विनाशुल्क शिक्षणाइतकीच प्रबळ आहेत.

विस्तुला

युद्ध आणि राजकीय दडपशाही हे कारण अजून कोणी मांडलेले नाही. पोलंडमध्ये 2022-23 साली परदेशी विद्यार्थी एक लाखाच्या वर होते. त्यांत युक्रेनचे जवळपास निम्मे आणि दुसऱ्या क्रमांकावर बेलारूसचे सुमारे 12 हजार होते. अनेक जण ही संख्या 2022 च्या आक्रमणाशी जोडतात, पण खरी वाढ 2014 नंतर, म्हणजे क्रिमिया रशियाकडे गेल्यावर आणि पूर्व युक्रेनमधील दोनबासमध्ये लढाई सुरू झाल्यावरच झाली. पोलिश भाषा युक्रेनियन मुलांना लवकर येते, खर्च पश्चिमेच्या मानाने कमी आहे आणि पोलिश वंशाचे असल्याचे प्रमाणपत्र असणाऱ्यांना सार्वजनिक विद्यापीठांत विनाशुल्क शिकता येते. बेलारूसच्या विद्यार्थ्यांच्या संख्येत 2020 च्या निवडणुकीनंतरच्या दडपशाहीमुळे देश सोडलेल्या तरुणांचा वाटा आहे. त्यांच्यासाठी पोलंडने स्वतंत्र शिष्यवृत्तीही ठेवली आहे.

पोलंडच्या यादीत वरच्या क्रमांकांवर झिंबाब्वे दिसेल. ती छपाईची चूक नाही. इंग्रजी माध्यमातील परवडणारे अभ्यासक्रम शोधत तेथील काही हजार विद्यार्थी खरोखरच पोलंडला येतात.

जर्मनीतील सीरियन विद्यार्थ्यांकडेही लक्ष वेधावेसे वाटते. 2015 च्या सुमारास आलेल्या निर्वासितांनी भाषा शिकून विद्यापीठांत प्रवेश घेतला आणि काही वर्षांतच सीरिया तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला. पुढे तो क्रम खाली आला, त्यामागे अनेकांनी जर्मन नागरिकत्व घेतले हे एक मोठे कारण आहे. ते विद्यार्थी आजही त्याच वर्गांत बसतात, मात्र परदेशी म्हणून मोजले जात नाहीत. पडताळा यांनी सांगितलेला नागरिकत्वाचा मुद्दा येथे अगदी ठळकपणे दिसतो.

नकाशावाचक

आता माझा विचार असा आहे की प्रत्येक देशावर एकच नाव न लिहिता पहिली तीन नावे लिहावीत आणि कारणांनुसार रंग द्यावेत : भाषा, मायदेशातील अपुऱ्या जागा, व्हिसा व शुल्काचे नियम, आणि युद्ध. यात काही अडचण दिसते का?

पडताळा

तीन नावांची कल्पना चांगली आहे, कारण पहिल्या नावामागे पुष्कळ काही झाकले जाते. फ्रान्समध्ये मोरोक्कोसोबत चीन दिसला तरच तेथे दोन वेगळे प्रवाह आहेत हे समजेल. परंतु एका देशाला एकच रंग देऊ नका. रंग प्रत्येक नावाला द्या. हंगेरीत जर्मन विद्यार्थी वैद्यकीय जागांसाठी येतात, स्लोव्हाकियाचे भाषेमुळे येतात आणि चीन व इतर अनेक देशांतील विद्यार्थ्यांचा मोठा भाग 2013 मध्ये सुरू झालेल्या स्टिपेंडियम हंगारिकुम या सरकारी शिष्यवृत्तीवर येतो. तिन्ही कारणे एकाच देशात आहेत. शिष्यवृत्तीसाठी पाचवा रंगही त्यामुळे लागेल.

नेदरलँड्ससाठी जर्मनी हे नाव लिहिताना त्याला दोन रंग द्यावे लागतील. तेथे शिकणाऱ्या जर्मन विद्यार्थ्यांत मायदेशातील मानसशास्त्राच्या मर्यादित जागांमुळे आलेले बरेच आहेत, आणि मास्ट्रिख्ट, ट्वेंटे, ग्रोनिंगेन ही विद्यापीठे सीमेपासून जवळ असल्यामुळे आलेलेही आहेत. लक्झेंबर्गमध्ये जवळपास निम्मे विद्यार्थी परदेशांतून आलेले असतात; तेथे टक्केवारी मोठी आणि प्रत्यक्ष संख्या लहान आहे. तेव्हा प्रत्येक देशाजवळ बाहेरून आलेल्यांची एकूण संख्या, एकूण विद्यार्थ्यांतील त्यांचे प्रमाण आणि आकड्याचे वर्ष या तीन गोष्टी लहान अक्षरांत द्याव्यात. ब्रिटनसाठी ब्रिटिश उच्च शिक्षण सांख्यिकी संस्थेचा आकडा आणि बाकीच्यांसाठी युरोस्टॅटचा आकडा घेतला असल्याची नोंद नकाशाच्या खाली ठेवलीत, की निकषांतील फरकाबाबत विद्यार्थ्यांचा गोंधळ होणार नाही.